डॉक्टरसाहेब, निकाल कळवा

आज सकाळी सांगलीत विश्रामबागेतल्या एका हॉलमध्ये होतो. कार्यक्रमाचं नाव ‘पालक-बालक स्नेहभेट’. म्हणजे वर्षाचे पैसे भरणारे आम्ही ते ‘पालक’ आणि ज्यांच्यासाठी भरतो ती ‘बालकं’. त्यांना जन्म देणाऱ्या आया मागच्या खुर्च्यांवर. तिथंच डोकं सटकायला लागलं होतं, पण गप्प बसलो. घरी आलो, जेवलो, आडवा झालो, झोप काही लागेना. म्हणून लिहितोय. लांबलं तर सांभाळून घ्या.

जत-आटपाडीकडची पोरं भल्या पहाटे वडापच्या जीपनं निघून आलेली. सगळ्यांना एकसारखे टी-शर्ट, पाठीवर संस्थेचं नाव. एकेकानं स्टेजवर यायचं, नाव सांगायचं, वडील कधी आणि कशानं गेले ते सांगायचं (हो, माइकवर!), मोठेपणी कोण होणार ते सांगायचं आणि खाली उतरून आपापल्या ‘पालकां’च्या पाया पडायचं. फोटो हलला की परत पडायचं. एका पोराला तीनदा वाकवलं. चौथ्यांदा वाकवलं असतं तर मीच उठलो असतो. असं आता म्हणतोय. उठलो असतो का, देव जाणे.

मी दोन वर्षं जिच्या शिक्षणाला हातभार लावतोय ती मुलगी आली. सातवीत आहे. “मला कलेक्टर व्हायचंय,” म्हणाली. सूर अगदी प्रतिज्ञेचा, ‘भारत माझा देश आहे’वाला. तिच्या आधीच्या सहा जणांत चार कलेक्टर, दोन डॉक्टर. प्रत्येकाला टाळ्या.

आणि मी एकदम १९८६ सालात.

जुन्या मित्रांना ठाऊक आहे, बाकीच्यांना सांगतो. वडील गेल्यावर पाचवी ते दहावी मी साताऱ्यात बोर्डिंगात होतो. गिरगावातले एक काका माझा खर्च द्यायचे. मनीऑर्डर गुरुजींच्या नावावर यायची. सहावीत असताना ते भेटायला येणार म्हटल्यावर आदल्या दिवशी आम्हाला रांगेत उभं करून पाठ करून घेतलं. काय होणार? डॉक्टर! आता मला व्हायचं होतं एसटीचा ड्रायव्हर. आमच्या गावात वडूजहून मुक्कामी गाडी यायची. ड्रायव्हर-कंडक्टर मारुतीच्या देवळात झोपायचे, कुणाच्या ना कुणाच्या घरून त्यांना भाकरी जायची आणि पहाटे ड्रायव्हरनं गाडी सुरू केली की आख्खं गाव जागं व्हायचं. त्याच्यापेक्षा मोठा माणूस मी तोवर बघितलाच नव्हता. पण काकांनी विचारलं तेव्हा मी “डॉक्टर” म्हणालो. काकांनी खिशातून छोटी डायरी काढली आणि लिहून घेतलं. तिथून पुढं त्यांच्या प्रत्येक आंतरदेशीय पत्राचा मायना एकच, ‘चि. डॉक्टरसाहेब’.

असो. आजचं सांगत होतो.

एक बाई नवऱ्याचं सांगताना मध्येच थांबली. निवेदिका म्हणाली, “बोला ताई, मन मोकळं करा.” कुणाकडं मोकळं करायचं? समोर दोनशे अनोळखी माणसं, निम्म्यांचे मोबाइल वर! सरकारी बालसंगोपन योजनेचे महिन्याला २,२५० रुपये मिळतात. त्यासाठी कागद मागतात, दाखले मागतात, पण कुणी म्हणत नाही की बाई, स्टेजवर या आणि पोराला पाया पडायला लावा. आम्ही मात्र देणार, करसवलतीसाठी ८०जीची पावती घेणार आणि वर रडणंही बघणार.

सातारा-सांगलीच्या माणसांना हे सांगायची वेळ यावी? कर्मवीर अण्णांनी, म्हणजे भाऊराव पाटलांनी, १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काल्यात रयत शिक्षण संस्था सुरू केली, १९२४ ला साताऱ्याला आणली. बोर्डिंगातली पोरं राबून शिकायची. अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पोरांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. मुष्टिफंड तर आपल्या आज्या-पणज्यांनी दिलाय, घराघरातून मूठ मूठ धान्य. त्या मूठ देणाऱ्या बाईला कुणी विचारलं होतं का, की बाई, तुझी मूठ कुठल्या पोराच्या पोटात गेली, त्याला पाया पडायला पाठवू का?

फोटो नसले तर देणग्या येत नाहीत, हे कबूल. संस्थेतली माणसं वाईट नाहीत, त्यांतला एक जण स्वतःच्या मोटारसायकलवर वस्त्यावस्त्या फिरतो, हेही कबूल. गेल्या वर्षीचे असलेच फोटो मी स्वतः लाइक केलेत. तेही कबूल. झालं?

आणि भेटूच नका असं मी कुठं म्हणतोय? भेटा की. काका आले तेव्हा माझी आई एक दिवसाचा रोज बुडवून आली होती. तिला वाटलं, माणूस एवढ्या लांबून येतोय, मोकळ्या हातानं कसं जायचं. फडक्यात आमच्याकडचा घेवडा बांधून आणला. गुरुजी कानकोंडे झाले. काकांनी मात्र दोन्ही हातांनी घेतला आणि पुढच्या पत्रात लिहिलं, घेवड्याची उसळ झाली, घरात सगळ्यांना आवडली. आईनं ते पत्र माझ्याकडून चार वेळा वाचून घेतलं. त्या सगळ्या भेटीत खरं तेवढंच होतं, घेवडा. बाकी माझा डॉक्टर खोटा, त्यांनी डायरीत लिहून घेतलेला खोटा आणि तो खोटेपणा पाच वर्षं पत्रातून वाढत गेला. मीही लिहायचो, ‘शास्त्र हा माझा आवडता विषय आहे.’

१९९१ ला दहावी झाली. ५४ टक्के. शास्त्रात काठावर. काकांचं पत्र आलं, एकच ओळ. ‘डॉक्टरसाहेब, निकाल कळवा.’

मी कळवला नाही. त्यानंतर एकही पत्र लिहिलं नाही. तो माणूस वाईट असता तर गोष्ट वेगळी होती. चांगला होता म्हणूनच तोंड दाखवायची हिंमत झाली नाही. आज कारखान्यात अकाउंटला आहे, पोटापुरतं बरं चाललंय, हे कळलं असतं तर त्यांना आनंदच झाला असता. हे मला आता कळतंय, पन्नाशीत.

तर आज जेवणं झाल्यावर त्या मुलीला हॉलच्या मागं गाठलं. मठ्ठा पीत उभी होती. म्हटलं, “बाळ, खरं सांग, काय करायचंय तुला? मी कुणाला सांगणार नाही.” आधी आईकडं बघितलं, मग म्हणाली, “पार्लर टाकायचंय. स्टँडापाशी मामीचं हाय. मेंदी येती मला. लग्नसराईत लय गिऱ्हाईक असतंय.” हात पुढं केले. मेंदी खरंच सुरेख होती, डाव्या हातानं उजव्यावर काढलेली.

आणि खोटं कशाला सांगू, माझा चेहरा पडला. अर्धा सेकंद असेल. मनात आलं, पार्लरसाठी देतोय का मी पैसे? एवढं स्टेजवाल्यांवर चिडलेला मी! तिनं ते बघितलं. पोरांना बरोबर दिसतं. लगेच म्हणाली, “पण अभ्यास बी करती मी.” त्या एका वाक्यानं सकाळपासूनचा सगळा राग कुठल्या कुठं गेला आणि नुसती लाज उरली. काका डायरी काढत होते तेव्हा त्यांचा चेहरा कसा होता, मी बघितलाच नव्हता. मान खाली होती.

तिची आई बेदाण्याच्या शेडवर निवडायला जाते. आजचा खाडा. निघताना पिशवीतून पावभर बेदाणे काढून दिले. मी नको नको म्हणत होतो, मग आठवलं आणि दोन्ही हातांनी घेतले.

गाडीपाशी पोचलो तर मागून पळत आली. “दादा, ती पार्लरचं बोलली ते तेवढं संस्थेतल्या सरांना सांगू नका हां. पोरगीच हाय, बोलून गेली.”

म्हणून वर इयत्ता, मामी, तालुके, सगळं बदलून लिहिलंय, कुणी शोधत बसू नका. बेदाणे खरे आहेत. डब्यात ओतून ठेवलेत, अजून एकही तोंडात टाकलेला नाही.