बाराच्या लाइटीचं भूत

रात्री बारा वाजून दोन मिनिटांनी आबांचा फोन आला. आमच्याकडं अशा वेळी फोन आला की दोनच शक्यता: कुणीतरी गेलं, नाहीतर लाइट आली.

"झोपलास का रं?"

"हो आबा. काय झालं?"

"तू झोपलास, मी हितं बाजेवर. मग मोटार कोण चालू करायलंय?"

मानवत तालुक्यातल्या आमच्या विहिरीवर, स्टार्टरच्या शेजारी, मी बनवलेला एक डबा बसवलाय. मेसेज टाकला की मोटार चालू, मेसेज टाकला की बंद. आत एटीमेगा 328पी नावाची चिप: 32 केबी फ्लॅश (प्रोग्राम ठेवायची, लाइट गेली तरी टिकणारी जागा) आणि रॅम (चालू कामाची, लाइट गेली की पुसली जाणारी जागा) फक्त 2 केबी, म्हणजे 2048 बाइट. परभणीत मोटार रिवायंडिंगच्या दुकानावरच्या खोलीत बसून त्याचा सगळा कोड मी सी या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिला. डबा महिनाभर गुणानं वागला. मग आबा म्हणाले, "ते विंग्रजी मेसेज काढ. मोटार आपली हाय, मराठीत बोलू दे." मी काढले. त्या रात्रीपासून हे सुरू झालं.

सलग तीन रात्री लाइट आली की मोटार आपोआप चालू. फुलोऱ्यातल्या हरभऱ्यात घोट्याएवढं पाणी. चुलत्यांनी देवऋषाचं नाव सुचवलं, आईनं स्टार्टरला लिंबू-मिरची बांधली. चौथ्या दिवशी मी मॅप फाइल उघडली. कुठलं व्हेरिएबल, म्हणजे किंमत ठेवायचा नाव दिलेला कप्पा, मेमरीत कुठं बसलंय, ते लिंकर (कोडचे तुकडे जोडून एक प्रोग्राम करणारा) तिच्यात लिहून ठेवतो. प्रोग्रामचा सातबाराच म्हणा.

पहिला संशय सामाईक विहिरीवर गेला. दोन फायलींत मी 'फेज' नावाचं एकच ग्लोबल (सगळ्या प्रोग्रामला दिसणारं) व्हेरिएबल, 'हे दुसऱ्या फायलीतलं' असं सांगणारा एक्स्टर्न शब्द न लिहिता, दोनदा मांडलं होतं. सीचा कोड चिपच्या भाषेत उतरवतो तो कंपायलर, माझा जीसीसी नावाचा; जुने जीसीसी असल्या दोघांना गुपचूप कॉमन नावाच्या जागेत एकत्र बसवत. 2020 मध्ये आलेल्या जीसीसी 10 पासून ती सवलत आपोआप मिळत नाही, लिंकर सरळ भांडण काढतो. माझा कंपायलर जुना, समजूतदार. पण तिथं भाऊबंद गुण्यागोविंदानं नांदत होते. भूत दुसरीकडं होतं.

ते समजायला आमचं जुनं माळवदाचं घर आठवावं लागलं. ते सोडून नव्या घरात आलो तेव्हा आजीनं उतरंडीतली भरलेली मडकी ट्रॅक्टरमध्ये चढवायला लावली. रिकाम्या कणग्यांबद्दल मात्र एवढंच म्हणाली, "तिकडं गेल्यावर तीन नव्या विणून घ्या, ह्या मापाच्या." कंपायलर हेच करतो. ज्या ग्लोबलला शून्य सोडून काही सुरुवातीची किंमत दिली, ते डेटा विभागात जातं. त्याची किंमत फ्लॅशमध्ये भरून न्यावी लागते आणि मेन, म्हणजे मुख्य प्रोग्राम, सुरू व्हायच्या आधी एक छोटा कोड ती रॅममध्ये उतरवतो. ज्याला किंमत दिलीच नाही किंवा शून्य दिली, ते जातं बीएसएसमध्ये. त्याचं नुसतं माप न्यायचं: एवढी जागा, पुसून शून्य करा. हे नाव 1950 च्या दशकातल्या आयबीएम 704 या संगणकाच्या एका असेंब्लरमधलं, 'ब्लॉक स्टार्टेड बाय सिम्बॉल'. मी मात्र 'बिनसामानाची सोय' असंच वाचतो, जास्त खरं वाटतं.

मेसेज जुळवायला माझा 600 बाइटांचा एक अॅरे, म्हणजे ओळीनं मांडलेल्या घरांची रांग, होता. कधीतरी तपासताना त्याच्या पहिल्या घरात मी 1 लिहिला होता. त्या एकापायी सगळे 600 बाइट डेटात गेलेले! म्हणजे एका दाण्यासाठी अख्खी कणगी ट्रॅक्टरवर. 1 चा 0 केला, फ्लॅशमधले 600 बाइट वाचले. रॅममध्ये मात्र एक बाइटही सुटला नाही. कणगी रिकामी असली म्हणून घरात जागा कमी अडवते का?

आणि जागा अडवली होती मराठीनं. यूटीएफ-8 या अक्षरं बाइटांत लिहायच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला 3 बाइट लागतात, काना-वेलांटीचे वेगळे. 'मोटार चालू झाली आहे' म्हणजे वाक्य संपल्याची खूण असलेल्या शेवटच्या शून्यासकट 52 बाइट. असे बारा मेसेज. मी प्रत्येकाच्या पुढं कॉन्स्ट, म्हणजे 'हे बदलायचं नाही', असं लिहून निर्धास्त होतो: फ्लॅशमध्येच राहतील. पण या चिपवर कॉन्स्टला लग्नपत्रिकेतल्या 'आहेर आणू नये' एवढीच किंमत. फ्लॅशचा पत्ता वेगळा, रॅमचा वेगळा, त्यामुळं वेगळं सांगितल्याशिवाय ही वाक्यंही रॅममध्येच येऊन बसतात.

डेटा आणि बीएसएस मिळून झाले 1910 बाइट. उरले 138. आणि तेवढ्यात स्टॅकची पंगत बसायची होती. स्टॅक म्हणजे चालू फंक्शनांची, प्रोग्राममधल्या छोट्या कामांची, तात्पुरती जागा; तो रॅमच्या दुसऱ्या टोकाकडून खाली सरकत येतो. किती पानं वाढणार हे लिंकरला माहीत नसतं, म्हणून तो अडवत नाही. मेमरी कमी पडेल असा इशारा आला होता म्हणे. लाइट बिलाच्या मागचा मजकूर जसा वाचतो तसा मी तो वाचला होता.

आता बारा वाजता काय व्हायचं बघा. लाइट आली की प्रोग्राम आबांसाठी मराठी वाक्य जुळवायला बसायचा, एक फंक्शन दुसऱ्याला बोलवायचं, पंगत लांबत जायची आणि शेवटचं पान थेट बीएसएसच्या टोकाला पडायचं. त्या टोकाला कोण बसलेलं? 'मोटार हुकूम' हे व्हेरिएबल. शून्य म्हणजे बंद. त्यावर कसलंतरी उष्टं सांडायचं, आणि सीमध्ये शून्य सोडून सगळं 'हो'च असतं.

वाक्यांपुढं प्रोगमेम, म्हणजे 'हे फ्लॅशमध्येच ठेव' असं सांगणारा शब्द, लिहिलं, ती फ्लॅशमध्येच राहिली, वाचताना तिथूनच उचलायची सोय केली. सहाशेच्या वर बाइट मोकळे झाले. रात्री गावी मुक्कामाला थांबलो. बारा वाजता लाइट आली. मोटार गप्प. मेसेज आला, शुद्ध मराठीत. मी लिंबू-मिरची सोडून खिशात घातली.

आठवड्यानं पुन्हा फोन. बारा वाजून दोन मिनिटं.

"आता गव्हाची पाळी हाय," आबा म्हणाले. "रोज बाराला उठून मेसेज टाकायलोय. थंडी काय म्हणायली बघ जरा."

"मग काय करू आबा?"

"ते भूत कुठं ठिवलंस? परत घाल की त्यात."