आवाज येतो, चित्र येत नाही

आज दिवसभरात चार जणांनी मला एकच बातमी पाठवली. एका मोठ्या कंपनीने फोनमधले फोटो आपोआप निवडून ओळखीच्या माणसांना पाठवायच्या पद्धतीचं पेटंट ‘मिळवलं’. खाली टाळ्या, बदाम आणि ‘याला म्हणतात इनोव्हेशन’. चौघेही मुक्त सॉफ्टवेअरवर, म्हणजे कोणालाही वापरता, बदलता आणि वाटता येणाऱ्या कोडवर, रोजचं काम करणारे. म्हणूनच जास्त लागलं.

बातमीत क्रमांक दिला होता. तो गूगल पेटंट्सवर टाकायला अर्धं मिनिट लागतं. शेवटी ए१ होतं. अमेरिकी दस्तऐवजावर ए१ म्हणजे नुसता अर्ज. मंजूर पेटंट असेल तर शेवटी बी१ किंवा बी२ दिसतं (२००१ च्या आधीच्या मंजूर पेटंटांवर मात्र नुसतं ए असायचं, तेवढं ध्यानात ठेवा). अर्ज साधारण १८ महिन्यांनी आपोआप जाहीर होतो. परीक्षकाने तोवर त्याला हातही लावलेला नसू शकतो. म्हणजे मिळालेलं काहीच नाही, आणि आपण अभिनंदन करून मोकळे.

हे वाचायच्या तासभर आधी मावशीच्या जुन्या लॅपटॉपवर नवं लिनक्स टाकून झालं होतं. वायफाय, प्रिंटर, मराठी टायपिंग, सगळं पहिल्या फटक्यात लागलं. मग तिने नातीचा व्हिडिओ उघडला, फोनवर काढलेला, पहिल्यांदा सायकल चालवतानाचा. पडदा काळा आणि आतून आवाज, “आजी, बघ ना!” मावशी म्हणाली, “अरे, ती बोलतेय, पण आहे कुठे?”

सॉफ्टवेअर पेटंटची खरी बातमी ही आहे. ती कुठे छापून येत नाही.

आवाज येतो आणि चित्र येत नाही, याचं कारण तांत्रिक नाही. त्या फाइलमध्ये आवाज एएसी प्रकारचा आहे आणि चित्र एचईव्हीसी, म्हणजेच एच.२६५ प्रकारचं. एएसीचा साधा भाग फेडोरासारख्या लिनक्स वितरणाने (म्हणजे लिनक्सच्या तयार संचाने) तपासून आत घेतलाय. एचईव्हीसीचं मानक २०१३ चं, त्यावरची पेटंटं जिवंत आहेत. परवाने विकणारी दुकानंही एकामागून एक उघडली. एमपेग एलएचा गट २०१४ मध्ये, एचईव्हीसी अ‍ॅडव्हान्स २०१५ मध्ये, व्हेलॉस मीडिया २०१७ मध्ये, शिवाय कुठल्याच गटात न बसलेले मालक वेगळे. बरं, हे परवाने नगाप्रमाणे पैसे मागतात. जे सॉफ्टवेअर कोणीही उतरवून कितीही जणांना वाटू शकतं, त्याचे नग मोजणार कोण? किंमत परवडत नाही हा मुद्दाच नाही. मोजायची रीतच मुक्त सॉफ्टवेअरला लागू होत नाही.

डीकोडर (फाइल उलगडून चित्र दाखवणारा प्रोग्राम) लिहिणारे लोक आहेत, कोड आहे, उत्तम चालतो. तो काढून ठेवावा लागतो. २०२२ मध्ये फेडोराने मेसा या ग्राफिक्स ड्रायव्हरमधून एच.२६४ (एच.२६५ च्या आधीचा प्रकार) आणि एच.२६५ चं हार्डवेअर डीकोडिंग, म्हणजे चिपकडून व्हिडिओ उलगडून घेणं, बंद केलं तेव्हा अनेकांनी फेडोराला शिव्या घातल्या. शिव्या चुकीच्या पत्त्यावर गेल्या. चिप तुमच्या लॅपटॉपमध्ये आहे, तिचे पैसे तुम्ही भरलेत, आणि तिला हाक मारणाऱ्या चार ओळी मात्र वाटता येत नाहीत.

ज्यांच्याकडे असाच काळा पडदा आहे त्यांच्यासाठी उपाय सांगून टाकतो, नाहीतर कॉमेंटमध्ये तेच विचाराल. आधी मीडियाइन्फो या फाइलची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रामने फाइल बघा आणि चित्राचा प्रकार खरंच एचईव्हीसी आहे ना याची खात्री करा. असेल तर सगळ्यात सोपं म्हणजे फ्लॅटहब या लिनक्सच्या अ‍ॅप-दुकानातून व्हीएलसी प्लेअर घ्या, त्याचे डीकोडर त्याच्यासोबतच येतात. सगळ्याच प्लेअरांत चालायला हवं असेल तर फेडोरावर आरपीएम फ्यूजनचे (फेडोराबाहेर ठेवलेल्या पॅकेजांचे) फ्री आणि नॉनफ्री दोन्ही साठे जोडा. मग एफएफएमपेग-फ्री (व्हिडिओ उलगडणाऱ्या एफएफएमपेगची कापलेली आवृत्ती) काढून पूर्ण एफएफएमपेग आणा, पण साधं इन्स्टॉल देऊ नका, दोन्ही पॅकेजांचं एकमेकांशी भांडण होतं. डीएनएफ या फेडोराच्या पॅकेज-व्यवस्थापकाचा स्वॅप वापरा. एएमडी ग्राफिक्स असेल तर मेसाचे फ्रीवर्ल्ड ड्रायव्हर, अलीकडचं इंटेल असेल तर नॉनफ्री साठ्यातला इंटेल मीडिया ड्रायव्हर. झाल्यावर व्हीएइन्फो चालवा, चिप काय काय उलगडू शकते त्याची यादी तो देतो. यादीत एचईव्हीसी मेन दिसलं की चिप जागी झाली. पुढे कधीतरी अपडेट अडकेल, कारण मुख्य साठ्यातलं मेसा पुढे गेलेलं असतं आणि फ्रीवर्ल्डवालं एक-दोन दिवस मागे असतं. तेव्हा जबरदस्तीने पॅकेज काढू नका. थांबा.

फाइल बदलून एच.२६४ करणार असाल तर एक्स२६४ (एच.२६४ बनवणारा प्रोग्राम), सीआरएफ, म्हणजे दर्जाचा आकडा, २० च्या आसपास, आवाज जसाच्या तसा कॉपी. फाइल मोठी होईल. मूळ व्हिडिओ १० बिटचा असेल तर पिक्सेल फॉरमॅट मुद्दाम ८ बिट ४:२:० सांगा, नाहीतर एक्स२६४ निमूटपणे १० बिटची फाइल बनवतं आणि ती बहुतेक हार्डवेअरवर चालत नाही. एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त पल्ला असलेला व्हिडिओ) असेल तर टोनमॅपिंग, म्हणजे तो पल्ला साध्या पडद्यात बसवणं, तेही करा, नाहीतर रंग धुतल्यासारखे फिके येतात.

हे सगळं मावशीने करायचं? नातीला सायकलवर बघायला?

मान्य करतो, व्हिडिओ कॉम्प्रेशनमध्ये खरं संशोधन आहे, माणसांची वर्षं गेलीत त्यात. पण ज्या बातमीवर बदाम पडले तिच्यात तेवढंही नाही. पेटंटचं शीर्षक वाचून काही कळत नाही, शेवटी असलेले दावे, म्हणजे नेमकी कशावर मक्तेदारी मागितली आहे ती वाक्यं, वाचायचे असतात. त्यातले स्वतंत्र दावे आधी, म्हणजे ज्यांत ‘दावा १ प्रमाणे’ असं लिहिलेलं नसतं. दाव्यातला प्रत्येक घटक तुमच्या प्रोग्राममध्ये असेल तरच साधारणपणे उल्लंघन होतं, एक जरी नसला तरी सुटका. आजच्या अर्जातला पहिला दावा आहे: फोटो घे, निकष लाव, जुळणारे निवड, नेटवर्कवरून पाठव. चार घटक, चारही कुठल्याही फोटोच्या प्रोग्राममध्ये सापडतील.

आणि या प्रकारच्या दाव्यावरून खटला होऊन गेलाय. २०१९ मध्ये रॉथ्सचाइल्ड पेटंट इमेजिंगने ग्नोम फाउंडेशनवर (लिनक्सचा ग्नोम डेस्कटॉप सांभाळणारी संस्था) खटला भरला, शॉटवेल या फोटोंच्या प्रोग्रामवरून. फोटो निवडायचे आणि वायरलेसवरून पाठवायचे, हेच. ग्नोमने पैसे देऊन मिटवायला नकार दिला, लोकांकडून वर्गणी गोळा केली आणि उलट लढाई उभी केली. मे २०२० मध्ये समोरच्याने माघार घेतली, आणि ती फक्त ग्नोमपुरती नाही. मान्यताप्राप्त मुक्त परवान्याखालच्या कुठल्याही सॉफ्टवेअरवर आपली पेटंटं वापरणार नाही असं लिहून दिलं. त्या दिवसाची आठवण आली की आजही बरं वाटतं.

पण किती वेळा लढायचं? जिफ आठवा. त्यात वापरलेल्या एलझेडडब्ल्यू कॉम्प्रेशनचा अर्ज टेरी वेल्च यांनी जून १९८३ मध्ये केला, पेटंट १९८५ मध्ये मिळालं. त्याच महिन्यात तीन आठवडे आधी आयबीएमने जवळजवळ त्याच पद्धतीचा अर्ज केला होता, आणि १९८९ मध्ये तेही मंजूर झालं! एकाच अल्गोरिदमवर दोन पेटंटं. तपासणी किती खोल असते याचा अंदाज यावरून घ्या. कॉम्प्युसर्व्ह या ऑनलाइन सेवेने १९८७ मध्ये जिफ आणलं, जगभर पसरलं, आणि डिसेंबर १९९४ मध्ये लोकांना कळलं की जिफ बनवणाऱ्या सॉफ्टवेअरला आता युनिसिसचा, म्हणजे वेल्च यांचं पेटंट जिच्या हाती आलं होतं त्या कंपनीचा, परवाना हवा. सात वर्षं सगळ्यांनी वापरू दिलेली वाट आणि मग नाका.

कोणीतरी म्हणेलच की त्यामुळे पीएनजी हा चित्रांचा नवा प्रकार जन्माला आला. आला. २५६ रंगांची मर्यादा गेली, पारदर्शकता नीट मिळाली, हेही खरं. पण १९९५ सालचे ते हुशार लोक नाक्याला वळसा घालण्याऐवजी आणखी काय करू शकले असते याचा हिशोब कोणी मांडत नाही. टॉमटॉम या नेव्हिगेशन कंपनीवर २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने फॅटमधल्या (पेनड्राइव्हवर फाइल मांडायच्या पद्धतीतल्या) लांब नावांवरून खटला भरला, तेव्हा अँड्र्यू ट्रिजेल यांनी लिनक्ससाठी पॅच सुचवला: लांब नाव ठेवायचं असेल तर जुन्या ८.३ नावाच्या (आठ अक्षरं नाव, तीन अक्षरं प्रकार) जागी कुठल्याच फाइलचं नाव होऊ शकणार नाहीत अशी ११ अक्षरं भरायची, म्हणजे ‘लांब आणि छोटं दोन्ही नावं’ हा दाव्यातला घटकच उरत नाही. अफाट डोकं आहे. आणि ते खर्च झालं पेनड्राइव्हवर कचरा लिहिण्यात.

ट्रिजेल यांनी निदान दावे वाचले. बऱ्याच कंपन्यांत प्रोग्रामरांना सांगितलं जातं, पेटंट वाचूच नका. कारण अमेरिकेत जाणूनबुजून उल्लंघन केल्याचं ठरलं तर न्यायालय नुकसानभरपाई तिपटीपर्यंत वाढवू शकतं. पेटंटचा मूळ सौदाच हा होता की तू तुझी युक्ती सगळ्यांना शिकव, बदल्यात २० वर्षांची मक्तेदारी घे. मक्तेदारी दिली, आणि ज्यांनी शिकायचं त्यांना पुस्तक उघडायची भीती. कसला सौदा हा?

थोडं शांत होऊन लिहितो, कारण पुढचं कामाचं आहे.

तुमच्या प्रकल्पांना डोळे मिटून एमआयटी परवाना लावू नका (कोड कोणी कसा वापरावा हे सांगणारे असे तयार मुक्त परवाने असतात). एमआयटी आणि बीएसडीमध्ये पेटंटबद्दल स्पष्ट शब्द नाही. अपाचे २.० मध्ये कलम ३ आहे: कोड देणारा त्या कोडला लागू होणाऱ्या स्वतःच्या पेटंटांचा परवाना देतो, आणि कोणी त्याच कामावरून पेटंटचा खटला भरला तर खटला भरणाऱ्याचा परवाना संपतो. जीपीएल ३ मध्ये हेच काम कलम १० आणि ११ मिळून करतात. हे संरक्षण फक्त कोड देणाऱ्यांच्या पेटंटांपुरतं असतं, बाहेरच्या तिसऱ्याला ते बांधत नाही. आणि एक नेहमीची चूक: पॅच पाठवणारा नोकरीत असेल तर पेटंट बहुधा त्याच्या कंपनीचं असतं. त्याच्या एकट्याच्या सहीला अर्थ नाही, कंपनीचा करार घ्या.

दुसरं, जे करता ते तारखेसह छापा. गिटमधली (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्राममधली) तारीख पुरावा म्हणून लंगडी असते, ती वापरणाऱ्याला हवी तशी लिहिता येते. रेपॉझिटरी सॉफ्टवेअर हेरिटेज या कोडच्या सार्वजनिक संग्रहात जतन करा, म्हणजे तिसऱ्याच्या दप्तरी तारीख पडते. आणि नुसता कोड ठेवून भागत नाही. अमेरिकेत मंजूर पेटंटाला इंटर पार्टेस रिव्ह्यूमध्ये, म्हणजे पेटंट कार्यालयातल्याच फेरतपासणीत, आव्हान देताना फक्त जुनी पेटंटं आणि प्रकाशित मजकूर चालतो. ‘हे सॉफ्टवेअर आधीच विकत होतो’ तिथे चालत नाही. म्हणून साध्या भाषेत एक पान लिहा: अडचण काय, पायऱ्या कोणत्या, दुसऱ्या कोणत्या रीतीने करता आलं असतं. कंटाळवाणं काम आहे, पण शॉटवेलसारखा दावा तुमच्यावर आला तर हेच पान हातात असेल.

आणि आता त्या चौघांसाठी. ए१ ही आनंदाची बातमी नाही, पण ती दार उघडं असल्याची खूण आहे. अर्ज जाहीर झाल्यापासून सहा महिन्यांत, किंवा परीक्षकाने पहिल्यांदा दावे नाकारेपर्यंत, यातलं जे नंतर येईल तोवर कोणीही जुना पुरावा अमेरिकी पेटंट कार्यालयाला पाठवू शकतं. मंजुरीची नोटीस आधी निघाली तर मात्र दार बंद. पहिल्या खेपेला तीन दस्तऐवजांपर्यंत शुल्क नाही. प्रत्येकासोबत तो कुठल्या दाव्याला कसा लागू होतो याची छोटी टिपणी लागते. टिपणीत वाद घातला, ‘म्हणून हे नाकारा’ असं लिहिलं की ती परत येते. फक्त दाखवा: दाव्यातला हा घटक, या पानावर. पेटंट मंजूर झाल्यावर ते पाडायला बहुधा वकील आणि मोठी फी लागते. दार उघडं असताना आपण बाहेर उभं राहून टाळ्या वाजवतोय.

एमपी३ चं असंच होतं. २००२ मध्ये रेड हॅट लिनक्स ८.० मधून एमपी३ काढलं गेलं, आणि फ्राउनहोफर या जर्मन संशोधन संस्थेचा एमपी३ परवाना कार्यक्रम संपला एप्रिल २०१७ मध्ये. पंधरा वर्षं गाणी वाजवण्यासाठी लोक कुठल्या कुठल्या साठ्यांतून प्लगइन शोधत राहिले. एचईव्हीसीचंही होईल कधीतरी. तोवर ती नात सायकलवरून कॉलेजला जात असेल.

मावशीला व्हीएलसी टाकून दिलं. चित्र आलं. तिने तो व्हिडिओ सहा वेळा बघितला आणि विचारलं, “मग आधी का नाही दिसली रे?” मला एका वाक्यात सांगता आलं नाही, म्हणून इथे एवढं लिहिलं.

अर्जाचा क्रमांक पहिल्या कॉमेंटमध्ये टाकतोय. जाहीर होऊन महिना झालाय, म्हणजे पाच महिने हातात आहेत. फोटो निवडून पाठवणाऱ्या कुठल्याही जुन्या प्रोग्रामचं मॅन्युअल, मेलिंग लिस्टवरची चर्चा, मासिकातला लेख, अर्जाच्या अग्रक्रम तारखेच्या (ज्या पहिल्या अर्जावर तो आधारलाय त्याच्या तारखेच्या) आधीचं जे असेल ते खाली द्या. पान पूर्ण हवं आणि त्यावर तारीख दिसली पाहिजे.