‘सोडा देऊ का?’ : मुलांच्या लघवीच्या इन्फेक्शनवरची सहा ‘सत्ये’

‘मुलांच्या लघवीच्या इन्फेक्शनची सहा सत्ये, जी डॉक्टर तुम्हाला सांगणार नाहीत’ असा एक मेसेज बरेच दिवस फिरतोय. तापाने फणफणलेल्या आठ महिन्यांच्या बाळाच्या आईपर्यंत तो पोहोचला आणि तिने विचारलं, “मग सोडा देऊ का?” तेव्हा गप्प बसणं शक्य नव्हतं.

मेसेजमधली सत्ये थोडक्यात अशी. एक, लघवीला वास नसेल आणि मूल लघवी करताना रडत नसेल तर तपासणी नको, ताप दातांचा असतो. दोन, लघवी प्लास्टिकच्या चिकट पिशवीत धरा, नळी घालून घेणं हा निव्वळ धंदा आहे. तीन, अर्धा चमचा खाण्याचा सोडा पाण्यातून दिवसाला तीनदा, तीन दिवस द्या आणि मगच डॉक्टरकडे जा. चार, ताप उतरला की अँटिबायोटिक बंद करा. पाच, सोनोग्राफी, एमसीयू (मूत्राशयात डाय भरून काढायचा एक्स-रे) आणि महिनोन्‌महिने चालणारं अँटिबायोटिक हे सगळं निरुपयोगी असल्याचं ‘अमेरिकेतल्याच मोठ्या संशोधनाने सिद्ध केलं’. सहा, मुलग्याच्या शिश्नावरची कातडी रोज अंघोळीच्या वेळी मागे ओढा.

तिसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण बाकीची सत्ये चुकीची आहेत, हे मात्र घातक आहे.

सपाट अर्धा चमचा सोडा म्हणजे साधारण अडीच ग्रॅम. त्याच्या २७ टक्के वजन सोडियमचं, म्हणजे एका डोसमध्ये सुमारे ६५० मिलिग्रॅम. दिवसाला तीन डोस झाले की १९०० च्या पुढे. सात ते बारा महिन्यांच्या बाळाला दिवसभरात मिळून ३७० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम पुरतं, आणि तेवढं दुधातून आणि वरच्या खाण्यातून आधीच जात असतं. म्हणजे दूध नीट न पिणाऱ्या, उलट्या होणाऱ्या, तापामुळे अंगातलं पाणी कमी झालेल्या बाळाला आपण गरजेच्या पाचपट सोडियम वरून देणार, तेही सलग तीन दिवस. रक्तातलं सोडियम चढतं, रक्त अल्कधर्मी होतं, पोटॅशियम आणि मोकळं कॅल्शियम उतरतं. बाळ मलूल होतं किंवा दचकायला लागतं, काहींना झटके येतात. घरचे म्हणतात तापामुळे झालं.

बरं, बदल्यात मिळतं काय? मोठ्या माणसांना जळजळीसाठी लघवी अल्कधर्मी करणारं सिरप देतात, तिथून ही कल्पना उचललेली दिसते. त्याने जळजळ कमी वाटू शकते, एवढं मान्य. पण त्याने ई. कोलाय मरत नाही, आणि मुलांमधली बहुतेक इन्फेक्शन्स याच जंतूची असतात. वर आणखी एक घोळ होतो. अल्कधर्मी, पातळ लघवीत पांढऱ्या पेशी फुटून विरघळतात. तीन दिवसांनी तपासणी केली तर पस सेल्स, म्हणजे याच पेशी, कमी दिसणार, आणि ‘बघा, सोड्याने उतरलं’ म्हणायला मेसेजवाले मोकळे.

आता मेसेजने ज्याचा हवाला दिलाय ते ‘अमेरिकेतलं मोठं संशोधन’. नाव दिलेलं नाही, पण वर्णनावरून ते रिव्हर नावाचं असणार. त्याचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. रिफ्लक्स असलेली, म्हणजे मूत्राशयातली लघवी उलटी किडनीकडे चढते अशी, २ ते ७१ महिने वयाची ६०७ मुलं त्यात होती. निम्म्यांना दोन वर्षं रोज ट्रायमेथोप्रिम-सल्फा या अँटिबायोटिकचा छोटा डोस आणि निम्म्यांना तसंच दिसणारं, औषध नसलेलं पातळ मिश्रण. किडनीवर व्रण, म्हणजे कायमची खूण, पडण्यात फरक आला नाही : औषध घेणाऱ्यांत ११.९ टक्के, न घेणाऱ्यांत १०.२ टक्के. मेसेजने एवढंच वाचलं आणि पान मिटलं.

त्याच संशोधनात पुन्हा इन्फेक्शन झालेली मुलं औषधाच्या गटात ३०२ पैकी ३९ होती, दुसऱ्या गटात ३०५ पैकी ७२. जवळजवळ निम्मा फरक. याला निरुपयोगी म्हणत नाहीत. मात्र या फायद्याची किंमतही तिथेच मोजलेली आहे : पुन्हा झालेलं इन्फेक्शन ई. कोलायचं असेल तर तो जंतू त्या औषधाला न जुमानणारा निघण्याचं प्रमाण औषध घेणाऱ्यांत ६३ टक्के होतं, दुसऱ्या गटात १९ टक्के. म्हणून पहिल्या किंवा दुसऱ्या ग्रेडचा, म्हणजे सौम्य रिफ्लक्स, एकच इन्फेक्शन आणि बाकी सगळं ठीक, अशा मुलाला रोजचं औषध न देता लक्ष ठेवणारे डॉक्टर पुष्कळ आहेत आणि ते बरोबरच करतात. पाचव्या ग्रेडचा, म्हणजे सगळ्यात तीव्र रिफ्लक्स असलेली मुलं त्या संशोधनात घेतलीच नव्हती. त्यांच्याबद्दल त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

याहून मोठी गोष्ट वेगळीच आहे. हे सगळं इन्फेक्शन होऊ नये म्हणून द्यायच्या औषधाबद्दल आहे, झालेल्या इन्फेक्शनच्या उपचाराबद्दल नाही. तिथे ज्या मुलाला इन्फेक्शन झालं त्याला पूर्ण अँटिबायोटिक मिळत होतं. पुढे याच मुलांची आणि रिफ्लक्स नसलेल्या सोबतच्या गटाची माहिती एकत्र तपासली गेली आणि ते विश्लेषण २०१६ मध्ये आलं. ४८२ मुलांपैकी ३५ जणांच्या किडनीवर नवा व्रण सापडला. व्रण पडलेल्यांना पहिलं अँटिबायोटिक मिळेपर्यंत तापाचे तास किती गेले होते? मध्यक (मधला आकडा) ७२ तास. व्रण न पडलेल्यांत ४८. मेसेजचा तिसरा मुद्दा आईला नेमके हेच ७२ तास सोडा पाजत काढायला सांगतो. ज्या संशोधनाच्या जोरावर पाचवा मुद्दा उभा केला, त्याच्याच आकड्यांनी तिसरा आडवा पडतो.

पाचव्यातला एमसीयूचा भाग मात्र अर्धा खरा आहे. नळीने मूत्राशयात डाय भरून एक्स-रे काढायची ही तपासणी पूर्वी पहिल्याच इन्फेक्शननंतर सरसकट करत. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडिअ‍ॅट्रिक्सने २०११ मध्ये दोन महिने ते दोन वर्षं वयोगटासाठी सांगितलं, की तापासह पहिलं इन्फेक्शन झाल्यावर सोनोग्राफी करा, पण एमसीयू सरसकट नको. सोनोग्राफीत किडनी फुगलेली किंवा व्रण असलेली दिसली, किंवा तापासह इन्फेक्शन पुन्हा झालं, तर करा. म्हणजे पहिल्याच वेळी एमसीयू लिहून दिली तर ‘सोनोग्राफीत काय दिसलं?’ असं जरूर विचारा. सोनोग्राफीलाच नाही म्हणायचं कारण नाही. त्यात ना सुई, ना किरण.

पिशवीचा मुद्दा बऱ्याच सुशिक्षित आईवडिलांनाही पटतो, कारण तो दयाळू वाटतो. बाळाला नळी कशाला? तर हिशेब बघा. इतर कारण न सापडलेल्या तापाची १०० बाळं घ्या. त्यातल्या साधारण ५ जणांना लघवीचं इन्फेक्शन असतं. राहिलेल्या ९५ पैकी सुमारे ३५ जणांच्या पिशवीतल्या लघवीत कातडीवरचे आणि शीमधले जंतू वाढतात. खरी पाचही सापडली असं धरलं तरी ४० पॉझिटिव्ह कल्चरपैकी (कल्चर म्हणजे लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढवून बघायची तपासणी) ३५ खोटी. याच गणिताने त्या अकॅडमीने ८८ टक्के खोटे पॉझिटिव्ह हा आकडा दिला होता. त्या ३५ बाळांना नको असलेलं अँटिबायोटिक, नको असलेली सोनोग्राफी, आणि कदाचित पुढे नको असलेली एमसीयू. मेसेजला ज्या तपासण्यांचा इतका राग आहे, त्यातल्या कितीतरी पिशवीपासूनच सुरू होतात.

पिशवी अगदीच टाकाऊ नाही. जागा धुऊन-पुसून लावली, लघवी होताच काढली आणि डिपस्टिकवर (लघवीत बुडवायची, रंग बदलणारी पट्टी) व सूक्ष्मदर्शकाखाली काहीच सापडलं नाही, तर नळी टळते. काही सापडलं तर मात्र कल्चर पिशवीतल्या लघवीवर करायचं नाही, नव्याने नळीने घ्यायची. ही नळी ५ किंवा ६ फ्रेंचची असते, म्हणजे जाडी दोन मिलिमीटर किंवा त्याहून कमी. जेली लावून घालतात, पहिले काही थेंब टाकून देतात आणि पुढची लघवी निर्जंतुक बाटलीत घेतात. सरावलेल्या हाताला दोन-तीन मिनिटं पुरतात. बाळ रडतं, हे खरं.

नळी नकोच असेल तर उडती धार बाटलीत झेलायची. त्यासाठी ओटीपोटावर थंड सलाइनमध्ये भिजवलेला गॉज गोल गोल चोळायचा. २०१७ च्या एका चाचणीत एक ते बारा महिन्यांच्या ३५४ बाळांवर हे करून पाहिलं, तेव्हा पाच मिनिटांत ३१ टक्के बाळांनी लघवी केली. नुसती वाट पाहिली त्यांच्यातल्या १२ टक्क्यांनी केली. चोळण्याआधी झाकण उघडून बाटली हातात धरलेली हवी, नाहीतर धार दुपट्यावर जाते.

इथे सगळ्यात जास्त होणाऱ्या चुका दोन. पहिली, अँटिबायोटिकचा डोस आधी आणि लघवी नंतर. एका दिवसाच्या औषधाने कल्चर निगेटिव्ह येऊ शकतं, आणि मग इन्फेक्शन होतं की नव्हतं हे कोणालाच सांगता येत नाही. दुसरी, बाटली तासन्‌तास टेबलावर. खोलीच्या तापमानाला ई. कोलाय वाढत राहतो, म्हणून तासाभरात लॅबमध्ये पोहोचवा, नाहीतर फ्रीजमध्ये ४ अंशांवर ठेवा. लॅबच्या चिठ्ठीवर लघवी कशी घेतली ते लिहा. नळीने घेतलेल्या लघवीत मिलिलिटरला ५०,००० कॉलनी (जंतूंच्या वसाहती) आणि सोबत पस सेल्स असतील तर ते इन्फेक्शन. पिशवीतल्या लघवीत तोच आकडा आला तर त्याला अर्थ नाही.

पहिल्या मुद्द्याबद्दल फार लिहायला नको. दात येताना अंग किंचित कोमट होतं, ३९ अंश सेल्सियस (सुमारे १०२ फॅरनहाइट) ताप दातांचा नसतो. दोन वर्षांखालच्या मुलाला जळजळ सांगता येत नाही. त्याच्यात ताप, किरकिर, उलटी आणि दूध कमी होणं एवढंच दिसतं. वासावरून तर काहीच ठरत नाही. जाता जाता, डिपस्टिकवर नायट्राइट (जंतू लघवीत बनवतात तो पदार्थ) निगेटिव्ह आलं म्हणून निश्चिंत होऊ नका. नायट्राइट बनायला लघवी मूत्राशयात चारेक तास राहावी लागते, आणि बाळं तितका वेळ राहू देत नाहीत.

चौथा : ताप बहुतेकदा ४८ तासांत उतरतो. म्हणजे मेसेजप्रमाणे दोन दिवसांत औषध बंद. २०२३ मध्ये आलेल्या एका चाचणीत पाचव्या दिवसापर्यंत बऱ्या झालेल्या मुलांमध्येच पाच आणि दहा दिवसांची तुलना केली. इन्फेक्शन उलटण्याचं प्रमाण पाच दिवस औषध घेणाऱ्यांत ४.२ टक्के, दहा दिवस घेणाऱ्यांत ०.६. दोन्ही आकडे लहान आहेत, त्यामुळे कोर्स छोटा करण्यावर डॉक्टरशी बोलायला हरकत नाही. मोठ्या मुलांच्या ताप नसलेल्या, मूत्राशयापुरत्या इन्फेक्शनला तीन ते पाच दिवस देतातही. पण तापासह आलेल्या इन्फेक्शनचं औषध दुसऱ्या दिवशी बंद करा असं ती चाचणी म्हणत नाही.

सहावा : कातडी ओढू नका. जन्मतः बहुतेक सगळ्या मुलग्यांची कातडी आतून चिकटलेलीच असते. १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधल्या शाळकरी मुलांच्या पाहणीत सहा-सात वर्षांच्या ६३ टक्के मुलांत ती चिकटलेली होती, सोळा-सतराव्या वर्षी ३ टक्क्यांत. जोर लावून ओढली की चिरते, चिरलेली जागा व्रण धरून आवळते. मागे जाऊन तिथेच अडकली तर सूज चढते आणि त्याच दिवशी हॉस्पिटल गाठावं लागतं. बाहेरून पाण्याने धुतलं की पुरे. लघवी करताना कातडी फुग्यासारखी फुगते, एवढ्यावरून घाबरू नका. धार थेंब थेंब होत असेल किंवा टोक पांढरं, कडक पडलं असेल तर दाखवा.

आणि शी-शू सांगता येणाऱ्या मुलाला पुन्हा पुन्हा इन्फेक्शन होत असेल तर सहाही सत्ये बाजूला ठेवून आधी बद्धकोष्ठ बघा. शीने भरलेलं गुदाशय मूत्राशयावर दाबतं, लघवी पूर्ण रिकामी होत नाही आणि उरलेल्या लघवीत जंतू वाढतात. शी मऊ करणारं औषध आठवड्याभरात थांबवलं की सगळं पुन्हा साचतं, ते काही महिने चालवावं लागतं. दर दोन-तीन तासांनी लघवीला पाठवा, शाळेतसुद्धा. कमोडवर बसताना पायाखाली स्टूल ठेवा. पाय लोंबकळत असले की ओटीपोटाचे खालचे स्नायू सैल पडत नाहीत आणि मूल अर्धवट लघवी करून पळतं.