शत्रूच्या पोरांना मानवंदना दिली म्हणून काय बिघडलं?

शाळेच्या ग्रुपवर सकाळी सकाळी एकाने १९४२ चा सिडनीतला फोटो टाकला, जपानी झेंड्यात गुंडाळलेल्या शवपेट्या, आणि खाली 'असले शत्रूचे लाड करणारे लोक युद्ध जिंकले कसे 😂'. त्यावर पंधरा अंगठे. चहा तसाच राहिला माझा.

अरे बाबा, ३१ मे १९४२ ला तीन छोट्या जपानी पाणबुड्या सिडनीच्या बंदरात घुसल्या, प्रत्येकीत दोनच माणसं. एक जाळ्यात अडकली, आतल्या दोघांनी स्फोट करून घेतला. दुसरीवर बंदरातल्याच टेलर्स बे या खाडीत पाण्याखाली फुटणारे बॉम्ब टाकले, वर काढली तर आतल्या दोघांनी स्वतःला गोळ्या घातलेल्या. त्या चौघांना नौदलाच्या इतमामात अग्नी दिला, अस्थी जपानला पाठवल्या. हो, तिसरीच्या टॉर्पेडोने नौदलाचं कुट्टाबुल जहाज बुडून २१ खलाशी गेले होते, त्यांच्या घरच्यांना हे बघून संताप आलाच असणार. आणि जपान्यांच्या कैदेतल्या ऑस्ट्रेलियन पोरांना बरं वागवतील हा हिशोबही होता, मान्य. पण तरीही केलं ना!

आमची सातारची आत्या इकडे ऑस्ट्रेलियात आली होती तेव्हा तिला कॅनबेराच्या वॉर मेमोरियलला नेलं. त्या पहिल्या दोन्ही पाणबुड्यांचे शाबूत भाग जोडून केलेली एक तिथे ठेवलीय. मी टॉर्पेडो वगैरे ज्ञान पाजळत होतो, आत्या मधेच म्हणाली, "व्हय रे, एवढ्यात दोघं? आन जेवायचं कुठं?" तिचे यजमान फौजेत होते, तिला पहिले डबाच आठवणार.

आता खरं चिडायचं तर यावर चिडा, की अग्नी देणाऱ्या त्याच लोकांनी ती जोडलेली पाणबुडी ट्रेलरवर घालून गावोगाव फिरवली, उरलेले तुकडे आठवण म्हणून विकले. पैसे खलाशांच्या मदतनिधीला गेले, म्हणून गप्प बसतो. पण ज्यात दोन पोरं मेली त्याचा तुकडा शोकेसमध्ये? मला नाही जमणार.

१९६८ ला टेलर्स बेच्या पाणबुडीतल्या मात्सुओची आई आली, ऐंशी ओलांडलेली बाई, तिथल्या पाण्यात फुलं वाहिली तिने. हे वाचलं की मला आत्याच दिसते, पाणबुडीभोवती फेरी मारून "पोरं कोणाची म्हणायची ही?" विचारणारी. मला जपानी नावं धड उच्चारताही येईनात, तर म्हणाली राहू दे, आईला ठाऊक असतील.

ग्रुपवर एवढं सगळं लिहिलं नाही, तिथे कोण वाचतंय. तिसरी पाणबुडी २००६ मध्ये सिडनीच्या उत्तर किनाऱ्याजवळ हौशी डायव्हर्सना सापडली, पन्नासेक मीटर खोल. नातेवाईकांना तिथल्या तळाची वाळू दिली आणि पाणबुडी आहे तिथेच ठेवली, परवानगीशिवाय जवळ जायचं नाही. वर काढून म्युझियममध्ये ठेवा म्हणणारेही आहेत. एक ठेवलीय की, तीच बघा.