‘आपला’ राजा आणि आपलं स्वातंत्र्य : एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, सादर नमस्कार.

राष्ट्रवादाबद्दल अराज्यवाद्यांचं, म्हणजे राज्यसंस्थाच नको म्हणणाऱ्यांचं, म्हणणं काय होतं, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. चार ओळींत उत्तर देऊन मोकळं होणं बरं वाटेना. इतर वाचकांसाठी तुमचे आक्षेप थोडक्यात सांगतो. साम्राज्यवाद आणि राष्ट्रवाद एकाच तागडीत घालणं म्हणजे मारणारा आणि मार खाणारा यांत फरक न करणं. ‘राज्यच नको’ म्हणायची चैन स्वातंत्र्य आयतं मिळालेल्यांनाच परवडते. आणि तुमच्या वडिलांनी बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात लिहिलेली वही अजून तुमच्या कपाटात आहे. माझा लेख वाचून त्यांचा अपमान झाल्यासारखं तुम्हाला वाटलं.

आधी शेवटचं. ‘स्वातंत्र्यलढे शेवटी नवे मालकच आणतात’ असं एक सरसकट वाक्य मी लिहिलं होतं. ते चुकीचं होतं, आणि जे त्या लढ्यात तुरुंगात गेले त्यांच्यावर अन्याय करणारंही. मी ते काढलं आहे. माफ करा.

आता तागडीची गोष्ट. मारणारा आणि मार खाणारा यांतला फरक अराज्यवाद्यांना चांगला कळत होता. १८६३ साली पोलंडने रशियाच्या झारविरुद्ध उठाव केला, तेव्हा बाकुनिन हा जन्माने रशियन असलेला अराज्यवादी बंडवाल्यांना जाऊन मिळायला लंडनहून निघाला. मोहीम वाटेतच फसली, तो स्वीडनपर्यंतच पोचला. फ्रान्सचा अराज्यवादी प्रूधाँ मात्र त्याच पोलंडच्या राष्ट्रीय मागणीच्या विरोधात होता. म्हणजे घरातच भांडण होतं, आणि ते कधी मिटलं नाही. जपानमध्ये कोतोकु शुसुईने १९०४ मध्ये आपल्याच देशाच्या रशियाविरुद्धच्या युद्धाला उघड विरोध केला. पुढे तो अराज्यवादी झाला आणि १९११ च्या जानेवारीत राजद्रोहाच्या खटल्यात फासावर गेला.

पण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला कोरियात सापडतं. शिन छेहो हा आधी कट्टर राष्ट्रवादी इतिहासकार, पुढे अराज्यवादी. जपानी सत्तेने त्याचा देश गिळला होता. १९२३ मध्ये त्याने कोरियन क्रांतीचा जाहीरनामा लिहिला. परक्यांची सत्ता मोडायची हे त्यात होतंच. पण तिच्याबरोबर विशेषाधिकार असलेले वर्ग, आर्थिक लूट, सामाजिक विषमता हेही मोडायचं होतं. १९३६ मध्ये तो जपान्यांच्याच तुरुंगात वारला. त्याला स्वातंत्र्य आयतं मिळालेलं नव्हतं, काका. ते त्याला बघायलाही मिळालं नाही. बेड्या पायात असतानाच त्याने विचारलं, की त्या तुटल्यावर किल्ल्या कुणाच्या हातात जाणार?

हाच प्रश्न आपल्या बडोद्यातही विचारता येतो.

आपण बडोदेकर मराठी माणसं गायकवाडी राज्याबद्दल प्रेमाने बोलतो, आणि मीही बोलतो. सयाजीरावांनी १९०६ साली सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. कामाटी बागेत फिरताना मला आजही त्या माणसाचा अभिमान वाटतो. पण आपले पूर्वज गुजरातेत कशाला आले होते? चौथाई वसूल करायला, फौजेबरोबर. ज्याच्या खळ्यावरून ती वसुली जात होती त्या गुजराती शेतकऱ्याला ते स्वराज्य वाटलं असेल का? तिकडे बंगालात नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्या झाल्या, तिथल्या आया पुढे कित्येक पिढ्या लेकरांना ‘बर्गी आले’ अशी भीती घालून झोपवत. ते बर्गी आपलेच. राष्ट्रवादाचं जे मला खुपतं ते हेच. आपल्याकडून पाहिलं की पराक्रम, पलीकडून पाहिलं की दरोडा. आणि पलीकडे जाऊन पाहणाऱ्याला फितूर ठरवायची घाई.

याच कामाटी बागेत १९१७ साली आंबेडकर बसले होते. सयाजीरावांच्याच शिष्यवृत्तीवर परदेशी शिकून ते राज्याच्या नोकरीवर रुजू व्हायला आले होते. राहायला जागा मिळेना. नाव बदलून पारशी धर्मशाळेत उतरले, तिथून काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढलं. परतीच्या गाडीची वेळ होईपर्यंत बागेत थांबले. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. राजा आपला होता, चांगलाही होता, त्या क्षणी गोरा साहेब मध्ये कुठेच नव्हता.

इथे तुमच्या बाजूचा सर्वांत जोरदार मुद्दा मीच मांडतो, कारण तो मला टाळता येत नाही. आंबेडकरांनी यातून ‘राज्य नको’ असा निष्कर्ष काढला नाही. उलट, कायद्याचं बळ असलेलं राज्यच गावच्या जुलमातून सोडवेल असं त्यांनी मानलं. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत त्यांनी खेड्याला अज्ञानाची आणि संकुचितपणाची गुहा म्हटलं. सत्ता गावाकडे द्या म्हणणाऱ्या प्रत्येक अराज्यवाद्याने हे पचवायला हवं. मला ते अजून पुरतं पचलेलं नाही.

‘अराजक म्हणजे बेबंदशाही’ असंही तुम्ही लिहिलंत. तो अर्थ रुजवण्यात इंग्रज सरकारचाही हात आहे. बॉम्ब करणाऱ्या क्रांतिकारकांना ते सरसकट अनार्किस्ट म्हणत, आणि रौलट कायद्याच्या अधिकृत नावातच ‘अराजकी गुन्हे’ होते. १९१६ च्या फेब्रुवारीत काशीच्या भाषणात गांधीजी म्हणाले, मीही अराजकवादीच आहे, पण वेगळ्या प्रकारचा. त्याच वर्षी मार्चमध्ये बडोदा कॉलेजचा एक मराठी विद्यार्थी इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईच्या गाडीत बसला, सुरतेला उतरला आणि काशीला गेला. तिथे त्या भाषणाचा वृत्तांत त्याच्या वाचनात आला, त्याने गांधीजींना पत्र लिहिलं आणि जूनमध्ये आश्रमात दाखल झाला. ते विनोबा. पुढे शासनमुक्त समाज आणि ‘जय जगत’ म्हणणारा हा माणूस आपल्या बडोद्यात वाढलेला. हा विचार युरोपातून आयात केलेला आहे असं तुम्ही म्हणता तेव्हा मला त्यांची आठवण होते.

अराज्यवादी पाय घसरून पडलेही. १९१४ चं महायुद्ध पेटलं तेव्हा रशियन अराज्यवादी क्रोपोटकिनने दोस्तराष्ट्रांची बाजू घेतली, इटलीच्या मालातेस्ता या अराज्यवाद्याने त्याला जाहीरपणे खडसावलं. १९३६ मध्ये स्पेनचे अराज्यवादी सरकारात मंत्री झाले, तरी त्या सरकारने स्पेनच्या ताब्यातल्या मोरोक्कोला स्वातंत्र्य दिलं नाही. आणि मोरोक्कोचेच सैनिक बंडखोर सेनापती फ्रँकोच्या बाजूने त्यांच्यावर चालून आले. हे मी मूळ लेखात लिहायला हवं होतं.

तुम्ही विचारलंत, बेचाळीसमध्ये मी काय केलं असतं. तुमच्या वडिलांबरोबर तुरुंगात गेलो असतो, अशी माझी इच्छा आहे. तेवढं धैर्य असतं का हे आज घरात बसून सांगता येत नाही. पण आत त्यांच्याशी बोलताना एक गोष्ट नक्की विचारली असती : इंग्रज गेल्यावर कोतवालीत आपला माणूस बसेल, पण तिच्या दारात उभ्या राहणाऱ्या गरिबाचं काय बदलेल? त्यांनी यावर काही लिहिलं असेल का? स्वराज्य म्हणजे नेमकं काय, हे त्या वहीत त्यांच्या अक्षरात असेल तर मला वाचायचं आहे. तुमची हरकत नसेल तर येत्या रविवारी सकाळी दांडिया बाजारात येतो. वही घरी नेणार नाही, तुमच्यासमोरच बसून वाचेन.