‘थर्ड पार्टी लेन्स गळ्यात मारली’ या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. निकॉनची २००-५०० मिमीची झूम लेन्स घ्यायला आलो होतो, मार्जिनसाठी थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच कंपनीची, १५०-६०० गळ्यात मारली, भिगवणचे पक्ष्यांचे सगळे फोटो मऊ (अस्पष्ट) आले, तक्रार केली तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला ‘ही लेन्स अशीच असते’, आणि आता सोनी घेणार, लेन्स फक्त ब्रँडचीच (कॅमेऱ्याच्याच कंपनीची), असं तुम्ही लिहिलंय.

‘लेन्स अशीच असते’ हे वाक्य आमच्या दुकानात कुणाच्या तोंडून निघायलाच नको होतं. त्याबद्दल मनापासून माफी मागतो. तुम्ही आणलेल्या कार्डावरच्या फाइली मुलाने उतरवून ठेवल्या होत्या, पण मला दाखवल्या नव्हत्या. काल दुकानाचं शटर ओढल्यावर बसून एकेक पाहिली.

तो सकाळचा एकटा फ्लेमिंगो घ्या. डोळा मऊ आहे, चोचीचा काळा शेंडासुद्धा विरघळल्यासारखा दिसतो. पण त्याच्या अलीकडे, हात-दीड हातावर, पाण्याच्या लहरी बघा. एकेक रेघ कापून काढल्यासारखी. म्हणजे काच मऊ नाही, फोकस पुढे पडतोय. तुमच्या निकॉन डी ७५०० बॉडीमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यात, फोकस मोजणारा सेन्सर वेगळा आणि फोटो घेणारा वेगळा. लेन्स आणि बॉडीची जोडी जराशी जरी चुकली, तरी झूम १५० ला असताना कळत नाही, ६०० ला पक्ष्याचा डोळा हातचा जातो. हे ब्रँडच्या लेन्सलाही होतं, माझ्याच बाकावर मी ते दुरुस्त केलंय.

फरक असा की ब्रँडच्या लेन्सला तुमच्या बॉडीतलं फाइन ट्यून, म्हणजे फोकस मागेपुढे जुळवायची सेटिंग, वापरावं लागतं, आणि तिथे एका लेन्सला एकच आकडा देता येतो. ६०० ला जुळवलं की दुसऱ्या टोकाला बिघडायची भीती. सिग्मा आणि टॅमरॉन या दोघांकडेही या लेन्ससाठी कॉम्प्युटरला जोडायचा यूएसबीचा डॉक मिळतो. त्यावर लेन्स बसवून झूमच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर, वेगवेगळ्या अंतरांसाठी वेगळी दुरुस्ती लेन्समध्येच भरता येते. तो डॉक आमच्याकडे आहे. विक्रीच्या दिवशी आम्ही समोरच्या पाटीवर चार फोटो काढून ‘ओके’ म्हणालो, ६०० ला तपासलंच नाही. ही चूक माझ्या दुकानाची, तुमची नाही आणि लेन्सचीही नाही.

सगळेच फोटो मात्र फोकसमुळे गेलेले नाहीत. पावणेबाराच्या पुढचे बघा, सगळी फ्रेमच थरथरते आहे. ती पाण्यावरून उठणारी गरम हवा. लाखांची लेन्स आणली तरी ती हवा बाजूला होत नाही. आणि सकाळच्या काही फोटोंना शटर स्पीड १/३२० सेकंद आहे. तुमच्या बॉडीच्या लहान सेन्सरवर ६०० म्हणजे ९०० मिमीइतका अँगल झाला, त्यात हलती नाव. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ४०० वरून १६०० केला असता तर १/१२५० मिळाला असता. हे तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं.

आता मार्जिनचं. हा आरोप मला लागला. तुम्ही पहिल्या पाच मिनिटांत दोन गोष्टी सांगितल्या होत्या: नावेतून हातात धरून काढायचं आहे, आणि पक्षी लांब राहतात. २००-५०० ट्रायपॉडच्या कॉलरसकट २ किलो ३०० ग्रॅम, तुम्ही नेलेली दोन किलोच्या आसपास, वर १०० मिमी जास्त. २००-५०० ला एफ ५.६ अ‍ॅपर्चर (प्रकाश आत येण्याचं भोक) शेवटपर्यंत मिळतं, हिला टोकाला ६.३, म्हणजे जरा लहान; फरक एक तृतीयांश स्टॉपचा, प्रकाशाच्या हिशेबात थोडासाच. ५०० ला पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवर निकॉनची जास्त खणखणीत येते, हे मी तेव्हाही म्हणालो होतो. नुसता पैसाच बघायचा असता तर कपाटात सिग्माची स्पोर्ट नावाची १५०-६०० होती, किमतीने बरीच वरची आणि २ किलो ८६० ग्रॅमची. ती मी तुमच्यासमोर ठेवलीही नाही. गिऱ्हाइकाच्या खांद्याचा विचार करूनच लेन्स देतो, तीस वर्षं हेच केलंय.

सोनीवर जाणार असाल तर मीही तुम्हाला ब्रँडचीच २००-६०० घ्या म्हणेन. झूम करताना तिची नळी बाहेर येत नाही, त्यामुळे धुळीच्या जंगलात बरं पडतं. शिवाय सोनीच्या वेगवान बॉडींवर थर्ड पार्टी लेन्सला सेकंदाला १५ फ्रेमची मर्यादा आहे आणि टेलीकन्व्हर्टर (लेन्सचा पल्ला वाढवणारा जोड) बसत नाही. उडत्या पक्ष्यांसाठी या दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या. निकॉनमध्येच राहून मिररलेस (आत आरसा नसलेला) झेड कॅमेरा घेतलात तर १८०-६०० आहे, तिचीही नळी आतच फिरते. पण सकाळी नावेत बसलेला, स्थिर पक्षी टिपणारा माणूस असेल तर सिग्माची सोनी मिररलेससाठीची १५०-६०० मी आजही निःशंक देईन. मिररलेसमध्ये फोकस फोटोच्या सेन्सरवरच मोजला जातो, त्यामुळे तुम्हाला झाला तो त्रास बहुतेक उरतच नाही. एक आहे, पुढे लेन्स विकायची झाली तर ब्रँडच्या लेन्सला गिऱ्हाईक लवकर मिळतं. तेही हिशेबात धरा.

नवी बॉडी घेण्याआधी एकदा दुकानात या. सोमवार सोडून कधीही, शक्यतो सकाळी, मी स्वतः बाकावर बसतो. दोन-अडीच तास लागतील, एक पैसा घेणार नाही. ६०० ला, तुमच्यासमोर, तुमच्याच बॉडीवर जुळवू. तरीही डोळा मऊ आला तर लेन्स बिलाच्या पूर्ण किमतीत परत घेईन. येताना बॉडी, लेन्स, तेच कार्ड आणि बॅटरी चार्ज करून आणा.

आपला,
दुकानमालक