लेकराच्या हातात पैसा द्यावा का नाही

आमच्या लातूरच्या घरच्या ग्रुपवर सध्या जोरात वाद चालूय. रिझर्व्ह बँकेनं २०२५ मध्ये परिपत्रक काढलं की १० वर्षांच्या वरच्या लेकराला बँका स्वतःचं बचत खातं उघडू अन् चालवू देऊ शकतात, तर काकांचं म्हणणं पैसा हातात आला की लेकरू बिघडतं, अन् दादा म्हणतो आत्ता नाही शिकलं तर शिकणार कधी.

मला दादाचं पटतं. मी जर्मनीत राहते. इथं ७ वर्षं पूर्ण झाली की आईबापानं खर्चायला दिलेल्या पैशातून लेकरानं काही विकत घेतलं तर कायदा तो व्यवहार पक्का धरतो. माझी पोरगी रिकाम्या बाटल्या सुपरमार्केटातल्या मशीनमध्ये टाकते, बहुतेक प्लास्टिकच्या बाटल्यांना २५ सेंट परत मिळतात, बटन दाबलं की चिठ्ठी येते, ती काउंटरवर देऊन पैसे स्वतः मोजून घेते. मग त्याचे स्टिकर घेतले तरी आम्ही बोलत नाही, संपले की पुढच्या आठवड्यापर्यंत थांबायचं.

पण हे जसंच्या तसं उचलून गावाकडं न्या असं मी म्हणणार नाही. दर आठवड्याचा पॉकेटमनी हा महिन्याच्या पगारावर चालतो हो. ज्या घरात सोयाबीन विकल्यावरच पैसा दिसतो, अन् तोवर बी-खत सगळं उधारीवर, त्या घराला "दर रविवारी ५० रुपये द्या" असं कोणत्या तोंडानं सांगायचं? उलट त्या लेकराला मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, सोबत न्या ना. किती क्विंटल भरलं, काय भाव लागला, हमाली-तोलाई कापून हातात किती आले, सगळं पट्टीवर, म्हणजे विक्रीच्या पावतीवर, लिहिलेलं असतं. चौथीतल्या पोराला ते गणित सहज जमतं, अन् घरात पैसा कुठून येतो तेही कळतं.

मला खरा राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. पाहुणे निघताना लेकराच्या हातात शंभराची नोट ठेवतात, ते फाटकाबाहेर पडेपर्यंत "दे इकडं, ठेवते" म्हणून ती नोट आईच्या पर्समध्ये, अन् परत कधीच दिसत नाही. लेकरू यातून एवढंच शिकतं की आपला पैसा आपला नसतो, मिळाला की लगेच उडवावा. आता तर दुकानात सगळे मोबाईलवर स्कॅन करतात, नोट मोडून सुट्टे परत घेणं हेसुद्धा लेकरांना दिसत नाही.

म्हणून काका, बँकेचं खातं राहू द्या हवं तर, पण येत्या दिवाळीत पाहुण्यांनी दिलेले पैसे पोराकडंच राहू द्या, एका वहीत त्यालाच लिहू द्या, अन् त्यानं सगळ्याचे फटाके आणले तरी मधे पडू नका.